सायकलची ट्यूब, बसचा जिना आणि चिरंजीवांचं बी.पी.

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये रविवारी सकाळी मोफत आरोग्य तपासणी शिबिर होतं. मोफत म्हटल्यावर आम्ही जाणारच. मी रांगेत उभा आणि शेजारी चिरंजीव (वय वर्षे १५, इयत्ता दहावी) मोबाईलमध्ये मुंडी घालून. माझं बी.पी. मोजून झालं, १२६/८२. "सांभाळा हं काका," असं सिस्टर म्हणाल्या. (काका! असो.) तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "ताई, माझं पण बघा ना." त्यांनी गंमत म्हणून पट्टा बांधला. मग आकड्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मोबाईल काढून घेतला, पाच मिनिटं शांत बसवलं आणि पुन्हा मोजलं. १३८/८६.

माझी पहिली प्रतिक्रिया अर्थातच "मशीन बिघडलंय" ही होती. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची ही जुनी खोड. टेस्ट फेल झाली की टेस्टच चुकीची, कोड बरोबर! पण आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पुढच्या तीन आठवड्यांत तीन वेगवेगळ्या दिवशी, त्याच्या दंडाला बसेल असा पट्टा लावून मोजलं तरी आकडा १३० च्या खाली काही येईना. लघवी, रक्त, किडनीची सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. पोरगा अंगाने तसा बारीकच. मग डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "हा दिवसभर काय करतो?"

मी जरा अभिमानानेच सांगितलं, "आठवड्यातून दोन दिवस क्रिकेट कोचिंगला जातो ना."

"ते सोडा हो. उरलेल्या पाच दिवसांत काय करतो?"

मी मनातल्या मनात यादी करू लागलो. स्कूल बस गेटवर येते. घर नवव्या मजल्यावर, लिफ्ट आहे. शाळेतून क्लास, तिथे सोडायला आमची गाडी. दूध, भाजी, पाव, वह्या सगळं ॲपवरून दहा मिनिटांत दारात. यादी संपली तरी त्यात चालणं कुठे आलंच नाही.

त्यानंतरचे तीन-चार शनिवार-रविवार मी या एकाच विषयात घालवले. औषधांची माहिती वाचायला बसलो होतो, पण हाती लागला एक वेगळाच इतिहास. त्यातली गंमत अशी की बी.पी. मोजायचं यंत्र आणि रोजचं साधं चालणं-चढणं या दोघांच्या गोष्टी शेजारी शेजारी चालत राहिल्या, आणि पोरांच्या बाबतीत त्यांची गाठ पडायला फार म्हणजे फारच उशीर झाला.

*

आधी यंत्राची गोष्ट. रक्ताला दाब असतो हे पहिल्यांदा मोजून दाखवलं ते एका धर्मोपदेशकाने. इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचे स्टीफन हेल्स. त्यांनी एका घोडीच्या धमनीत पितळी नळी घातली, तिला काचेची लांब नळी जोडली आणि रक्त किती वर चढतं ते पाहिलं. ८ फूट ३ इंच! १७३३ साली त्यांनी हे पुस्तकात छापलं. प्रयोग नामी होता, पण माणसावर करण्यासारखा अजिबात नव्हता.

माणसाचा दाब न कापता-टोचता, पेशंटच्या खाटेपाशी बसून सहज मोजता यायला पुढे दीडशेच्या वर वर्षं गेली. १८९६ साली इटलीतल्या तुरीन शहरात शिपिओने रिवा-रोच्ची नावाच्या डॉक्टरने दंडाला गुंडाळायचा फुगणारा पट्टा आणि पाऱ्याची नळी असं उपकरण केलं. आणि तो पट्टा कशाचा होता? सायकलच्या ट्यूबचा! आज मुलांच्या बी.पी.वर उपाय म्हणून डॉक्टर सायकल चालवायला सांगतात, आणि ते बी.पी. सांगणारं यंत्रच मुळात सायकलच्या ट्यूबमधून जन्माला आलंय. हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो, बायकोने काय झालं म्हणून विचारलं.

रिवा-रोच्चीला फक्त वरचा आकडा कळायचा. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोत्कोव्ह या लष्करी डॉक्टरने पट्ट्याखालच्या धमनीवर स्टेथोस्कोप ठेवला. पट्टा सैल होताना ठोके ऐकू यायला लागतात तो वरचा आकडा आणि ते बंद होतात तो खालचा. सव्वाशे वर्षं होत आली तरी डॉक्टर आजही हेच करतात. इतकं टिकलेलं डिझाईन आमच्या धंद्यात एकही नाही.

आकडा तर मिळाला. आता या आकड्याचं करायचं काय? इथे वैद्यकशास्त्र चांगलं चाळीसेक वर्षं चुकलं. समज असा होता की वय वाढलं की धमन्या कडक होणार, मग त्यातून रक्त ढकलायला दाब वाढायलाच हवा, म्हणजे वाढलेला दाब ही शरीराची सोयच आहे. अमेरिकेतले नामवंत हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी १९३१ सालच्या आपल्या ग्रंथात या अर्थाचं मत मांडलं होतं की ही शरीराने केलेली भरपाई असू शकते, तिला हात लावू नये. (या गृहस्थांचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.) या समजाची किंमत सगळ्या जगाने पाहिली. अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब १९४४ च्या मार्चमध्ये १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा मोजलेला दाब ३००/१९० होता. वय ६३.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात प्रसिद्ध हृदय-अभ्यास सुरू झाला. गावातल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांवर वर्षानुवर्षं नजर ठेवायची आणि कोणाला काय होतं ते पाहायचं. त्यातून उच्च रक्तदाब ही सोय नसून धोका आहे हे हळूहळू सिद्ध झालं. पण त्या ५,२०९ माणसांचं वय होतं सुमारे ३० ते ६२. पोरांच्या दंडाला पट्टा बांधायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. बी.पी. हा पन्नाशीचा आजार, पोरांना कुठून होणार? परवापर्यंत माझंही मत हेच होतं.

*

आता दुसरी गोष्ट, चालण्या-चढण्याची. हिचा नायक जेरी मॉरिस. जन्म १९१०, बालपण स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत, घरची गरिबी. वडील त्याला लांब चालायला न्यायचे आणि बक्षीस म्हणून आइस्क्रीम द्यायचे. पुढे तो डॉक्टर झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचा डॉक्टर म्हणून हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात होता. परत गेल्यावर त्याला एक कोडं पडलं. हार्ट ॲटॅक एकाएकी इतके का वाढलेत?

त्याने लोकांना धंद्यांनुसार वेगळं करून पाहायचं ठरवलं. लंडनच्या लाल डबलडेकर बसमध्ये त्याला एक आयता प्रयोग तयार सापडला. एकाच बसमधली दोन माणसं. मालक एक, वस्ती साधारण तीच, पगारातही फार फरक नाही. पण ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ ९० टक्के वेळ बसून, आणि कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणार-उतरणार. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० कर्मचाऱ्यांचा १९४९-५० मधला हिशोब त्याने काढला. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता, आणि झाला तरी झटक्यासरशी मरण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी. मग त्याने पोस्टाकडे मोर्चा वळवला. पायी आणि सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन एकीकडे आणि बसून काम करणारे कारकून, टेलिफोन ऑपरेटर दुसरीकडे. तिथेही तेच. १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं.

लोकांनी शंका काढली, आणि शंका रास्त होती. मुळात जाडे लोकच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिसने काय करावं? त्याने कर्मचाऱ्यांना दिलेल्या गणवेशाच्या पँटींची मापं मागवली! ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या. पण एकाच मापाच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची तुलना केली तरी, बारीक असो की ढेरपोट्या, कंडक्टरच बरा होता. १९५६ सालच्या त्या लेखाचं नावच 'गणवेशांचं साथशास्त्र' या अर्थाचं आहे. डेटा नाही म्हणून रडणाऱ्या प्रत्येकाने हा लेख वाचावा, असं माझं मत आहे.

इथे मला मिरजेचे आमचे आप्पा आठवले. आप्पा पोस्टात. माझ्या लहानपणी ते बीटवर असायचे, खाकी पिशवी आणि काळी सायकल, ऊन-पावसात गल्ल्या पालथ्या. मग प्रमोशन झालं, टेबल मिळालं, घरी पेढे वाटले. चार-पाच वर्षांत त्यांच्या उशाशी बी.पी.च्या गोळ्या आल्या. एका माणसाचा डेटा म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळतं, वयही वाढलं होतंच. पण मॉरिसचा पोस्टमनचा तक्ता बघताना माझ्या डोळ्यापुढे ते पेढे आले, त्याला काय करणार?

या सगळ्यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मॉरिसचा कंडक्टर व्यायाम करत नव्हता. तो तिकिटं फाडत होता. पायऱ्या हा त्याच्या कामातला साईड इफेक्ट होता. त्याच्या तब्येतीची देखभाल करणारा प्रोग्रॅम बॅकग्राउंडला आपोआप चालत होता, आणि तो चालतोय हे त्याला ठाऊकही नव्हतं.

*

आता पोरांकडे येऊ. १९५३ साल मोठं विलक्षण. बसचा अभ्यास छापून आला त्याच वर्षी अमेरिकेत कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला. सरासरी वय २२. धडधाकट, निवडून भरती केलेली पोरं. आणि त्यांच्यातल्या ७७.३ टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाची काही ना काही खूण साध्या डोळ्यांना दिसत होती. म्हणजे पन्नाशीच्या आजाराची सुरुवात विशीच्याही आधी कधीतरी होत होती.

त्याच सुमारास हान्स क्राऊस आणि बॉनी प्रुडन यांनी शाळकरी मुलांना ताकद-लवचिकतेची अगदी साधी चाचणी दिली. अमेरिकेतली ५७.९ टक्के मुलं नापास, युरोपातली फक्त ८.७ टक्के. कारण म्हणून त्यांनी मोटारी, स्कूल बस, लिफ्ट आणि टीव्ही यांच्याकडे बोट दाखवलं. १९५५ च्या जुलैमध्ये हे आकडे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यासमोर ठेवले गेले. सप्टेंबरमध्ये खुद्द आयसेनहॉवर यांनाच हार्ट ॲटॅक आला! त्यांच्यावर उपचार करायला कोण आलं? तेच पॉल डडली व्हाइट. रक्तदाबाबाबत एके काळी चुकलेला हा माणूस सायकल आणि पायी चालण्याचा मात्र कट्टर प्रचारक होता, आणि स्वतः सायकल चालवायचा.

१९५६ मध्ये तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी अध्यक्षांचं मंडळ स्थापन झालं. पण पुढे त्याचं रूप झालं ते शाळेतल्या चाचण्यांचं: पुल-अप किती, उठाबशा किती, पळायला सेकंद किती. निदान केलं होतं 'रोजची हालचाल गेली' असं, आणि औषध दिलं पी.टी.च्या तासाचं. बग एका मोड्यूलमध्ये आणि पॅच दुसऱ्यात! माझं क्रिकेट कोचिंग यातलंच.

मुलांच्या दंडाला पट्टा पद्धतशीरपणे बांधला गेला तो १९७० च्या दशकात. आयोवामधल्या मस्कटीन गावात १९७१ पासून शाळकरी मुलांची तपासणी सुरू झाली आणि लुइझियानातल्या बोगालुसा गावात १९७३ मध्ये डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी अभ्यास सुरू केला. तो पुढे अनेक दशकं चालला. मुलांचा दाब किती असावा याचे अमेरिकेतले पहिले अधिकृत तक्ते १९७७ चे, म्हणजे कोरोत्कोव्हनंतर ७२ वर्षांनी. बोगालुसातून दोन गोष्टी कळल्या. एक, ज्यांचा दाब लहानपणी वरच्या बाजूला असतो त्यांचा मोठेपणीही बहुधा तिथेच राहतो. दोन, अपघातात वगैरे अकाली गेलेल्या मुला-तरुणांची शवविच्छेदनं केल्यावर दिसलं की दाब जितका जास्त तितकी धमन्यांची खराबी जास्त. हा दुसरा अहवाल १९९८ चा. वयात आल्यावर मुलांचा वरचा आकडा मुलींपेक्षा जास्त राहतो हेही अशाच अभ्यासांतून पक्कं झालं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये नियम सोपा केला: वय १३ पासून पुढे मोठ्यांचेच आकडे. १२०/८० च्या खाली ठीक, १३०/८० पासून पुढे उच्च, पण तीन वेगवेगळ्या वेळी मोजल्यावरच. आपल्याकडे २०१६-१८ मध्ये देशभर झालेल्या पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या सुमारे ५ टक्के मुलामुलींचा दाब उच्च निघाला. म्हणजे ६० पोरांच्या एका वर्गात तिघं. त्यातला एक माझ्या घरात नवव्या मजल्यावर.

*

मग हालचालीने हा दाब खरंच उतरतो का? इथे मी वकिलासारखा उलटतपासणी घेत वाचत होतो, कारण प्रश्न आता इतिहासाचा राहिला नव्हता.

१९८३ साली अमेरिकेत जेम्स हॅगबर्ग आणि सहकाऱ्यांनी वाढलेल्या दाबाच्या २५ मुलामुलींना, सरासरी वय साडेपंधरा (आमच्या चिरंजीवांएवढंच!), सुमारे सहा महिने नियमित व्यायाम करायला लावला. दाब उतरला. मग व्यायाम थांबवला. नऊ महिन्यांनी पाहिलं तर दाब पुन्हा जिथल्या तिथे. मला यातला दुसरा भाग जास्त बोलका वाटला. हालचाल म्हणजे एकदा टोचली की संपलं अशी लस नाही. ती पाण्यासारखी आहे, रोज प्यावी लागते.

कारणही आता बरंच कळलंय. चालताना रक्त जोराने वाहतं, धमनीच्या आतल्या अस्तराला त्याचं घर्षण होतं आणि ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं. त्याने धमनी सैलावते. (या रेणूच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालंय.) शिवाय शरीराची 'सावधान' म्हणणारी मज्जासंस्था थोडी शांत होते. एकदा हालचाल केली की पुढचे काही तास दाब जरा खाली राहतो. म्हणजे दिवसभरात विखुरलेली थोडी थोडी हालचाल उगाच फुकट जात नाही. आमच्या भाषेत, हा ठरावीक वेळाने चालणारा क्रॉन जॉब आहे. तो आठवड्यातून दोनदा तास-तास चालवला तर मधले दिवस कचरा साचणारच.

पण हॅगबर्गची पोरं ठरवून व्यायाम करत होती. साध्या चालण्याचं काय? १९९९ साली जपानच्या ओसाका शहरातल्या सुमारे ६,००० पुरुषांचा अभ्यास आला. ऑफिसला जाताना १० मिनिटांपर्यंत चालणाऱ्यांच्या तुलनेत २० मिनिटांहून जास्त चालणाऱ्यांना उच्च रक्तदाब होण्याची शक्यता सुमारे २९ टक्क्यांनी कमी. तीही मोठी माणसंच. मुलांच्या बाबतीत अडचण अशी की पोराला 'काल काय केलंस' असं विचारलं तर त्याला मॅच आठवते, जिना आठवत नाही. ती अडचण कमरेला लावायच्या हालचाल-मापकाने सुटली. ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एक मोठा अभ्यास आहे. त्यातल्या ११-१२ वर्षांच्या सुमारे साडेपाच हजार मुलांना हा मापक लावला. २००८ साली निष्कर्ष आला: जास्त हालचाल करणाऱ्यांचा दाब कमी, आणि त्यात हालचाल किती जोरदार यापेक्षा एकूण किती याला महत्त्व जास्त. फरक मात्र लहान आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

लहान फरकाने काय होणार, असं मलाही वाटलं होतं. त्याला ब्रिटिश डॉक्टर जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्येच उत्तर देऊन ठेवलंय. त्यांनी केनियातले भटके पशुपालक आणि लंडनमधले सरकारी कारकून यांच्या रक्तदाबाचे आलेख शेजारी ठेवले. लंडनमध्ये काही माणसं आजारी आणि बाकीची केनियासारखी असं नव्हतंच. सगळा आलेखच उजवीकडे सरकला होता. सगळ्यांचा दाब थोडा थोडा वाढला की टोकाला रेषेपलीकडे जाणारे कितीतरी वाढतात. पाचांतला एक आपला पोरगा असेल तेव्हा हे गणित चटकन कळतं.

आणि शेवटचा साक्षीदार स्वीडन. तिथे सक्तीची लष्करभरती होती. अठराच्या आसपासच्या जवळजवळ प्रत्येक मुलाचा दाब मोजायचे आणि त्याला स्थिर सायकलवर दमेपर्यंत पॅडल मारायला लावायचे. पुन्हा सायकल आणि पट्टा, यावेळी एकाच तपासणीत! १९६९ ते १९९७ मधल्या अशा साडेपंधरा लाख मुलांची माहिती २०१२ पर्यंत जुळवली, तेव्हा ९३,०३५ जणांना पुढे उच्च रक्तदाब झालेला दिसला. सायकलवर लवकर दमणाऱ्यांना धोका जास्त होता, आणि ज्यांचं वजन अगदी व्यवस्थित होतं त्यांच्यातही होता. २०१६ च्या या लेखात मला 'अंगाने बारीकच आहे की' या माझ्या वाक्याचं उत्तर मिळालं. अर्थात दमसास थोडा जन्मजातही असतो, आणि रक्तदाबाला मीठ, झोप, वजन, आनुवंशिकता अशी इतर कारणंही आहेत. आप्पांकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून त्याच्याकडे काय आलंय ते काही बदलता येत नाही. चिप्सची पाकिटं मात्र बदलता येतात.

*

मग ही रोजची हालचाल गेली कुठे? कोणी चोरली? इंग्लंडमधल्या मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली एक हिशोब मांडला. १९७१ मध्ये ७-८ वर्षांची ८० टक्के मुलं शाळेत एकटी, मोठ्या माणसाशिवाय जायची. १९९० मध्ये ९ टक्के. दरम्यान सरकार म्हणत होतं की रस्त्यांवर मुलांचे अपघात कमी झाले, रस्ते सुरक्षित झाले. हिलमनचं म्हणणं असं की रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, मुलांनाच रस्त्यांवरून काढून घेतलंय.

हे वाचून मी बराच वेळ काही टाईप केलं नाही. कारण हेच मी केलंय, आणि चांगला बाप म्हणून केलंय. मिरजेत मी शाळेत चालत जायचो, दुपारी जेवायला घरी यायचो आणि पुन्हा जायचो. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणी, हातात पिशवी घेऊन किराणा, रॉकेलची रांग, नळ गेला की हापशावरून कळशी. तेव्हा प्रत्येक फेरीला मी कुरकुर केली. आपल्या पोराला हे करावं लागू नये म्हणून पुण्यात आलो, नोकरी केली, कर्ज काढलं, लिफ्ट असलेलं घर घेतलं. सायकलींचं शहर म्हणून ज्याची ख्याती होती त्या पुण्यात माझ्या पोराची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात उभी आहे, कारण गेटबाहेरच्या रस्त्यावर ती चालवायला मीच बंदी घातलीय. आणि ती भीती खोटी नाही. त्या रस्त्यावर टँकर कसे जातात ते मी रोज बघतो.

म्हणजे मी एकेक त्रासाची ओळ कमेंट आऊट करत गेलो. प्रत्येक वेळी प्रोग्रॅम नीट चालला, कुठेच एरर नाही. पंधरा वर्षांनी कळलं की त्या निरुपयोगी वाटणाऱ्या ओळींमध्येच देखभालीचा कोड होता.

आणि मी एकटाच नाही. २०१६ सालच्या आकडेवारीवरून केलेला जागतिक अंदाज सांगतो की ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं, मुलग्यांपैकी ७७.६ टक्के, दिवसाला सरासरी एक तासाचीही पुरेशी हालचाल करत नाहीत.

डॉक्टरांनी सध्या गोळी दिलेली नाही. सहा महिने थांबू म्हणालेत, मीठ कमी, झोप वेळेवर, आणि रोजची हालचाल. मग पुन्हा मोजू. तुमच्या घरी असा आकडा आला तर नेटवरचे लेख (हाही) वाचून ठरवू नका, डॉक्टरांकडेच जा. आमच्याकडे बैठक झाली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, जिम लावू का?" मी म्हटलं नको. स्कूल बस आता दोन स्टॉप अलीकडे सोडते, तिथून तो चालत येतो. लिफ्ट खाली येताना बंद, वर जाताना निदान पाचव्यापर्यंत जिना. किराणा ॲपवरून नाही, कोपऱ्यावरून. पहिल्या दिवशी तो पिशवी घेऊन धापा टाकत वर आला आणि म्हणाला, "तुम्हाला लहानपणी हे सगळं करावं लागायचं, तर तुम्ही आता का नाही करत?"

उत्तर नव्हतं. १२६/८२ विसरलो नव्हतो. आता आम्ही दोघं जातो. जिन्यात तो मला गाठतो आणि सहाव्या मजल्यावर थांबून वाट बघतो. दीड महिना झाला, परवाचा आकडा १३२/८२. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पट्टा, वेळ, मूड कशानेही इतका फरक पडतो. सहा महिन्यांनी खरं काय ते कळेल.

जेरी मॉरिस मात्र स्वतःचं संशोधन आयुष्यभर स्वतःवर वापरत राहिला. म्हातारपणापर्यंत नियमित चालणं-पोहणं चालू होतं. २००९ साली गेला तेव्हा वय होतं ९९. वडिलांबरोबर चालून गेल्यावर मिळणाऱ्या आइस्क्रीमपासून ही सवय सुरू झाली असणार, असं आपलं मला वाटतं.

असो. बराच लांबला आजचा लेख. दूध संपलंय, आणि आज पाळी माझी आहे.